खग्रास चंद्रग्रहण बघायला गेलो होतो, जाणाऱ्यांच्या उपयोगाचं थोडं

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण बघायला आम्ही चौघं शहराबाहेरच्या माळावर गेलो. तसं ग्रहण गच्चीवरूनही दिसतं, पण खग्रास झाल्यावर पौर्णिमेच्या आभाळात अचानक तारे उमटतात ना, ते दिव्यांच्या उजेडात हुकतं.

बरोबर येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की पहिला तासभर काहीही होत नाही. चंद्र पृथ्वीच्या विरळ छायेत, म्हणजे सावलीच्या फिकट बाहेरच्या भागात असतो, जरा मळकट वाटतो, बस्स. आमच्यातला एक जण "हेच का ते?" म्हणून गाडीत जाऊन झोपला.

मग दाट सावली कडेने आत सरकायला लागली. तिची कड निरखून बघा, ती गोल असते, आणि चंद्रापेक्षा बऱ्याच मोठ्या वर्तुळाचा तुकडा वाटते. आपण उभे आहोत त्या पृथ्वीची सावली! अ‍ॅरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचा एक पुरावा म्हणून हीच कड दाखवली होती, पुढे अ‍ॅरिस्टार्कस या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने सावलीच्या मापावरून चंद्र केवढा असेल त्याचा अंदाज काढला, आणि दोघांकडेही दुर्बीण नव्हती. खगोलशास्त्र कशाला शिकायचं म्हणून विचारणाऱ्याला मी यापुढे त्या कडेकडेच बोट दाखवणार.

खग्रास ८२ मिनिटं चाललं. चंद्र राख धरलेल्या निखाऱ्यासारखा. पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला उजेडच तेवढा पोचतो, निळा वाटेत विखुरतो, तांबडा उरतो, म्हणजे जगातले त्या क्षणीचे सगळे सूर्योदय-सूर्यास्त चंद्रावर पडलेले असतात. हवेत धूळ जास्त असली तर रंग काळवंडतो, १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र जेमतेम दिसत होता.

माझी फजिती म्हणजे कॅमेरा ऑटोवर राहिला, पहिले पंधरा-वीस फोटो नुसते पांढरे डाग. मॅन्युअलवर घ्या, खग्रासात एखाद सेकंदाचं एक्स्पोजर, त्याहून जास्त ठेवलं की चंद्र सरकतो. लेन्सवर दव धरतं, कोरडं फडकं खिशात असू द्या. नजर अंधाराला सरावलेली राहावी म्हणून टॉर्चला लाल कागद लावा. फिल्टर-बिल्टर काही लागत नाही, ते सूर्यग्रहणाला. आणि चटई न्याच, मान फार दुखते, आडवं पडून बायनॉक्युलरमधून जे दिसलं ते दुर्बिणीपेक्षा मला जास्त आवडलं.

गाडीतला भिडू उठला तेव्हा चंद्र परत पांढराफटक. म्हणाला, "तसाच तर आहे!" ३१ डिसेंबर २०२८ लाही खग्रास आहे, तुमच्याकडून दिसणार का ते तपासून ठेवा. त्याला मात्र यावेळी गाडीची चावी द्यायची नाही.