वाळूतली काळी पट्टी

गेला आठवडा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पुरातत्त्वाच्या वॉचिंग ब्रीफला होते, म्हणजे बांधकामाआधी जमीन तपासायला ट्रायल पिट, चाचणीचे खड्डे, खणतात ना, तेव्हा जुने अवशेष सापडतात का म्हणून जेसीबीशेजारी उभं राहून बकेटमधून काय निघतंय ते बघत राहायचं. बकेट बिनदातांचीच लागते, दातांनी थर ओरबाडले जातात. वरची मीटरभर नुसती फिकट वाळू, आणि मग अचानक बोटभर जाडीची काळपट पट्टी दिसली, मी हात वर केला, मशीन थांबलं. ती जुनी जमीन हो! कधीकाळी गवत उगवलेली, नंतर वाऱ्याने वाळू आणून झाकलेली. थापीने हळूच साफ केलं तर लिम्पेटचे, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या समुद्री गोगलगायीचे, शिंपले आणि हाडाचा एक तुकडा, मस्त टिकलेला, कारण शिंपल्यांच्या चुऱ्याच्या वाळूत चुना भरपूर, आम्लधर्मी मातीत हाड विरघळूनच जातं. स्कॉटलंडच्याच ऑर्कनी बेटांवरचं स्कारा ब्रे, सुमारे ५००० वर्षांपूर्वीचं दगडी घरांचं गाव, असंच वाळूखाली होतं आणि १८५० च्या वादळाने उघडं पडलं. बोअरहोलमध्ये, म्हणजे नळीने खोल भोक पाडून मातीचा नमुना काढतात तेव्हा, मात्र एवढं सगळं एका नळीत दोन सेंटीमीटर काळी माती म्हणून येतं, पटकन निसटतं नजरेतून, म्हणून प्रत्येक नळी मी स्वतः बघते. पिटची जागा आम्ही थोडी सरकवली. मशीनवाले काका कुरकुरले नाहीत, उलट खाली उतरून शिंपले बघायला वाकले.