शापोऱ्याचे बुरूज आणि नदीपलीकडचा शत्रू

उत्तर गोव्यातला शापोऱ्याचा किल्ला पाहायला येणारे बहुतेक जण पश्चिमेच्या तटावर जाऊन सूर्यास्ताची वाट पाहतात. माझे मत असे की, या किल्ल्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर उत्तरेच्या तटावर उभे राहून नदीपलीकडच्या मोरजीकडे, म्हणजेच पेडणे तालुक्याकडे पाहावे. कारण पोर्तुगिजांना ज्यांची खरी धास्ती होती, ते त्या काठावरून येणारे होते.

मुळात ही जागा आदिलशाहीची. १५४३ मध्ये बारदेश, म्हणजे किल्ल्याभोवतीचा हा प्रदेश, पोर्तुगिजांकडे गेला, शापोरा नदी सरहद्द ठरली आणि १६१७ मध्ये त्यांनी या टेकडीवर आपला किल्ला उभारला. तरीही १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा बारदेशात घुसल्या तेव्हा त्या स्वारीत शापोरा मराठ्यांच्या हाती पडला. औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोगलांचे मोठे सैन्य घेऊन गोव्यावर चालून आला, म्हणून मराठे मागे फिरले; तो आला नसता तर बारदेशाचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न मला नेहमीच अस्वस्थ करतो. १७१७ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ला नव्याने बांधून काढला, तो १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी जिंकला आणि १७४१ मध्ये पुन्हा पोर्तुगिजांना मिळाला.

तट टेकडीच्या कडेकडेने वळणे घेत जातो, त्यामुळे किल्ल्याला ठरावीक असा आकारच नाही. बुरुजांच्या कोपऱ्यांवर टेहळणीसाठी बांधलेले लहान गोल मनोरे आहेत. सारे बांधकाम जांभ्याचे आहे. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो आणि उघड्या हवेत टणक होत जातो. पण चिऱ्यांवरचा गिलावा गळून पडला की त्यांच्या छिद्रांत पावसाचे पाणी मुरते, सांध्यांत रोपे रुजतात आणि त्यांची मुळे जाड होऊन चिरे अलग करतात. हे काम येथे आजही डोळ्यांदेखत चालू आहे.

१७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात आले, सरहद्द उत्तरेला सरकली आणि शापोऱ्याच्या पहाऱ्याला अर्थ उरला नाही. १८९२ मध्ये किल्ला सोडून देण्यात आला. आतले सेंट अँथनीचे चर्चही आज उरलेले नाही. याउलट सरहद्दीवरच राहिलेल्या, १७४६ मध्ये भोसल्यांकडून घेतलेल्या तेरेखोलच्या किल्ल्यात त्याच संताचे चर्च अजून उभे आहे.