माथ्यावरचा चेंडू

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी पोचतो, त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेगबदलाचा दर, किती? अकरावीच्या वर्गात मी हे दरवर्षी विचारतो आणि निम्म्याहून जास्त वर्ग म्हणतो, "शून्य." त्या दिवशीही तेच झालं. मग जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः केलेलं ॲनिमेशन प्रोजेक्टरवर लावलं. निळा बाण वेगाचा, तांबडा त्वरणाचा. चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने सुटतो. निळा बाण आखडत जातो, माथ्यावर नाहीसा होतो, मग उलटा होऊन वाढतो. तांबडा मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच, खाली तोंड करून.

माथ्यावर नेहमीप्रमाणे ॲनिमेशन थांबवून म्हटलं, "बघा, वेग शून्य, पण त्वरण आहेच."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण सर, चेंडू तर थांबलाय. थांबलेल्याला कसलं त्वरण?"

मी पडद्याकडे पाहिलं. चेंडू थांबला होता खरा, पण मी थांबवला म्हणून! इतकी वर्षं गैरसमज घालवायला जे चित्र दाखवत होतो, त्यानेच तो पक्का होत होता. मला ते फार लागलं.

अर्धा तास उरला होता. पुढचा भाग बाजूला ठेवून तिलाच पुढे बोलावलं. स्लायडर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने सरकवायचा आणि वेग फळ्यावर लिहायचा. हिशेब सोपा व्हावा म्हणून g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, 10 धरला होता. 20, 15, 10, 5, 0, मायनस 5, मायनस 10.

"5 चा 0 झाला, बदल किती?"

"मायनस 5."

"आणि 0 चा मायनस 5 झाला तेव्हा?"

ती आकड्यांकडे बघत राहिली. "तेवढाच. म्हणजे सर, तो शून्यावर राहतच नाही. शून्यातून नुसता जातो."

'वेगबदलाचा दर' ही व्याख्या तिला नववीपासून पाठ होती. तिचा अर्थ तिने आत्ता पाहिला. मग माथ्यावर पोचताच त्वरण शून्य होईल असा बदल मी ॲनिमेशनमध्ये करून दाखवला. चेंडू वर लटकला तो लटकलाच. "असं कसं होईल!" वर्ग ओरडला.

चेंडूच्या जागांचे ठिपके पडद्यावर उमटत होते. माथ्यापासून खाली मोजले तर दर अर्ध्या सेकंदाची अंतरं 1.25, 3.75, 6.25, 8.75 मीटर, म्हणजे 1, 3, 5, 7 या प्रमाणात. हाच विषम संख्यांचा नियम गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात मांडला, हे मी नंतर सांगितलं. प्रमाण मुलांनीच काढलं होतं.

आता मी माथ्यावर ॲनिमेशन थांबवत नाही. एक पाऊल अलीकडे आणि एक पलीकडे थांबतो.

घंटा झाल्यावरही ती फळ्यापाशीच होती. "सर, तिरका फेकला तर माथ्यावर निळा बाण उरेल ना? आडवा?"

मी स्लायडर पुन्हा शून्यावर आणला.