तुम्ही विचारलंत म्हणून: इस्रायलला जमतं, मग मराठवाड्याला का नाही?

"मॅडम, तिकडं वाळवंटात द्राक्षं पिकवतात, आपल्याला का जमत नाही?" हा प्रश्न मला वर्गात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरनं मी आ करून बसलेली असताना विचारला. मी भूगोल शिकवते आणि माहेर जालन्याकडचं, द्राक्षबागायतदाराचं, त्यामुळं उत्तर माझ्या पर्समध्येच असणार असं सगळ्यांना वाटतं. देश तेवढा बदलतो, कधी इस्रायल, कधी कॅलिफोर्निया, कुणाचा मुलगा स्पेनला असला तर स्पेन. आणि मागोमाग दुसरा टोला ठरलेला, "पाणी नाही म्हणता आणि वर ऊस लावता." तर एकदाचं लिहूनच टाकते. टँकर, हंडे, २०१६ ला मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडते.

पहिली गोष्ट, ते प्रदेश आपल्यापेक्षा कोरडे आहेत हे खरंच आहे. लॉस एंजेलिसला वर्षाला पावणेचारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अथेन्सला चारशेच्या, तेल अवीवला पाचशेच्या थोडा वर, आणि आपली सरासरी सातशेच्या घरात. आकडा सांगितला की लोक अजून चिडतात, बघा, जास्त पडतो तरी रडता. अहो पण कधी पडतो ते विचारा ना! हे सगळे प्रदेश साधारण ३० ते ४५ अक्षांशांच्या मधले, खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवरचे: कॅलिफोर्निया, मध्य चिली, केपटाऊनचा टापू, पर्थकडचा ऑस्ट्रेलिया आणि खुद्द भूमध्य समुद्राचा काठ. उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा त्यांच्या डोक्यावर येऊन बसतो, हवा वरून खाली उतरते, ढग धरतच नाही. हिवाळ्यात तो पट्टा सरकला की पश्चिमेचे वारे पाऊस घेऊन येतात. म्हणजे त्यांचा पाऊस थंडीत पडतो, वाफ कमी होते, जमीन निवांत पिते. कॅलिफोर्नियाला तर वर सिएरा नेवाडाचा बर्फ, तो पुढं वितळून ऐन गरजेला खाली येतो, धरण न बांधता मिळालेलं धरणच. आपला पाऊस ऊन तापलेलं असताना येतो, त्यातला मोठा वाटा चार-दोन झोडपणाऱ्या पावसांत उरकतो, खाली काळा पाषाण, त्यात पाणी मुरणार ते भेगांत तेवढंच. आणि आमच्या बालाघाटावर बर्फ पडत नाही.

पण मला जे सांगायचंय ते मिलिमीटरमध्ये बसत नाही. त्यांचा उन्हाळा कोरडा असतो आणि तो कोरडा असणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आमच्या बागेत थॉमसन होती. थॉमसन नाव पडलं विल्यम थॉमसनवरून, ज्यानं एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात ही बिनबियांची जात वाढवली, मूळ वाण त्याही आधी पूर्व भूमध्याकडचा. फ्रेस्नोच्या बाजूला हीच द्राक्षं ऑगस्टच्या शेवटी तोडतात आणि दोन ओळींच्या मधे, उघड्या जमिनीवर, कागद अंथरून बेदाण्यासाठी वाळत घालतात. उघड्यावर! कारण पाऊस सहसा येत नाही. आपल्याकडं तासगावला बेदाणा शेडमध्ये करतात ते उगीच नाही.

त्या वेलीला तिकडं हिवाळ्यात झोप मिळते, एकदा छाटली की झालं. आपल्याकडं तिला झोपू देत नाहीत. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, दोनदा कात्री. आणि माल तयार होतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आपल्या अख्ख्या वर्षातली आभाळाच्या बाबतीत सगळ्यात बेभरवशाची वेळ.

२०१४ चं सांगते. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपीट चालली होती, आज या तालुक्यात, उद्या त्या. मी माहेरी होते. सौदा झालेला, व्यापाऱ्यानं खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून साखर मोजली होती, विसारही दिला होता, मजुरांची टोळी सांगून ठेवलेली. क्रेट बांधावर उलटे रचून ठेवले होते. दुपार कलल्यावर पश्चिमेकडून काळं आलं, दादा म्हणाला जाईल हे भोकरदनकडं, आणि मग शेडच्या पत्र्यावर पहिली गार पडली, दगड मारल्यासारखी, एकच. मग जरा थांबलं. मग जे सुरू झालं त्यात समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आई देवापाशी न जाता म्हशीकडं धावली हे मला अजून आठवतं. लिंबाएवढ्या गारा होत्या म्हणतात सगळे, मला वाटतं थोड्या लहान असतील, पण वाऱ्यामुळं त्या तिरप्या येत होत्या, त्यामुळं पानांनी घडांना काही आडोसा केला नाही. पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल. थांबल्यावर मांडवाखाली गेलो तर घोट्याएवढा पांढरा थर, त्यात हिरवे मणी मिसळलेले, फुटलेले, आणि वास. रसाचा गोड वास. दुसऱ्या दिवशी तो आंबट झाला, पण त्या संध्याकाळी गोडच होता. ओलांडे, म्हणजे वेलीच्या मांडवावर पसरलेल्या मुख्य फांद्या, एका बाजूनं सोलून निघाले होते, म्हणजे यंदाचा माल तर गेलाच, पुढच्या सालाचंही खरं नाही. अण्णांनी अर्धवट उरलेला एक घड हातात घेतला, त्यातले गारांचे तुकडे बोटानं काढले, एक मणी खाल्ला आणि म्हणाले, "गोडी आली होती." बस. मग घड खाली टाकला नाही, घरी घेऊन आले.

व्यापाऱ्यानं फोन उचलायचं बंद केलं. पंचनाम्याला माणूस आला, तेव्हा नुकसान निम्म्याच्या वर दिसलं तरच मदत अशी अट होती (ती ३३ टक्क्यांवर आली २०१५ ला), तो बागेत उभा राहून विचारतो, "पन्नास टक्के धरायचं का?" आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांतला एक जण, चहा घेता घेता, "इस्रायलमध्ये बागेवर जाळी टाकतात म्हणे." दादा म्हणाला, "टाकत असतील. जाळीचे पैसे कोण देतं तिथं?" पाहुण्याला माहीत नव्हतं. मला तेव्हाही बोलायला सुचलं नाही, बहुतेक म्हणूनच हे आता लिहितेय.

आणि गंमत बघा, मी हे दरवर्षी फळ्यावर काढते. हिवाळ्यात भूमध्याला पाऊस देणारी वादळं असतात, त्यांच्यातलीच काही पूर्वेला इराण-अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडं येतात, त्यांना आपण पश्चिमी विक्षोभ म्हणतो. त्यांची थंड हवा वरून आणि समुद्रांवरची ओल खालून, अशी गाठ पडली की आपल्याकडं गारा. तिकडं ज्याच्यावर गहू पिकतो त्याचं शेपूट आमच्या बागेवरून गेलं. फळ्यावर छान दिसतं ते.

पुढच्या वर्षी बाग तोडली. लोखंडी अँगल भंगारात किलोवर गेले. आणि हो, ऊस लावला! विहिरीला पाणी होतं तेव्हा. आता बोला काय बोलायचं ते. गारा पडल्या तर उसाची पानं फाटतात, ऊस उभा राहतो. त्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, कारखाना उशिरा का होईना पैसे देतो, बँक कर्ज देताना तोंड वाकडं करत नाही. मोसंबी लावायची तर २०१२-१३ ला जालन्यातल्या किती बागा वाळल्या ते आम्ही जवळून पाहिलेलं. ऊस पाणी पितो हे मला शिकवू नका, मी ते मार्क देऊन शिकवते. आणि तरीही २०१५-१६ ला तो ऊस उभ्या उभ्या वाळायला लागला आणि चारा म्हणून गेला, हेही खरंय, आणि खाली ज्यांच्या बोअरला पाणी लागेना त्यांनी आमच्या उसाकडं बघून काय म्हटलं असेल त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

कॉलेजात असताना मीच कॅम्पमध्ये इस्रायलवर भाषण ठोकायचे. अण्णांच्या मागं लागून ठिबक मीच बसवून घेतलं. ती तेव्हाची मी, ती कॉलेजातली मुलगी, अजून माझ्याशी भांडते: ठिबकनं पाणी वाचलं की नाही? वाचलं, बाई. वाचलेल्या पाण्यावर आम्ही बाग वाढवली, विहिरीतून उपसा तेवढाच राहिला. ती म्हणते, मग हा ठिबकचा दोष की तुमचा? तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. मी तिला एवढंच म्हणते की इस्रायलनं फक्त ठिबक केलं नाही. १९६४ ला त्यांनी उत्तरेच्या गालील सरोवराचं पाणी दक्षिणेला नेलं, २००५ पासून अश्कलोनला आणि पुढं किनाऱ्यावर बाकीच्या ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करायला लागले, शहरांचं सांडपाणी शुद्ध करून त्यातलं ८५ टक्क्यांच्या वर शेतीला देतात, आणि धान्य बहुतेक बाहेरून विकत आणतात. यातलं सांडपाण्याचं आपण उद्या करू शकतो आणि करत नाही, हे मान्य. पण समुद्र कुठून आणू? पैठणहून?

लॉस एंजेलिसनं तर १९१३ ला तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरच्या ओवेन्स खोऱ्याचं पाणी पाटानं आणलं, तिथला तलाव सुकून धूळ उडायला लागली. आपण त्या गोष्टीत लॉस एंजेलिस नाही, बाकी कुणीतरी आहोत, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडा म्हणून समन्यायी वाटपाचा २००५ चा कायदा हातात घेऊन बसणारे. आणि कॅलिफोर्नियाचं सगळं जमलंय असंही नाही, मेंडोटाजवळ भूजल उपसून १९२५ ते १९७७ मध्ये जमीन साडेआठ मीटरच्या वर खाली गेली, खांबावर पाट्या लावून काढलेला फोटो आहे, मी वर्गात दाखवते.

कामाचं तर कुणी विचारतच नाही. कॅलिफोर्नियाचं फळ तोडणारे बहुतेक मेक्सिकोत जन्मलेले. स्पेनच्या वेल्वा भागात स्ट्रॉबेरी तोडायला मोरोक्कोच्या बायका हंगामी कराराने आणतात, आणि घरी लेकरं असलेल्या बायका बघून घेतात, म्हणजे हंगाम संपला की परत जातीलच. मी हे सांगितलं की मागच्या बाकावरची बीडची पोरं हसत नाहीत. त्यांच्यातल्या काहींचे आईबाप दिवाळीनंतर उचल घेऊन कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेलेले असतात. तेव्हा तिकडची शेती म्हणजे नुसती नळी आणि जाळी असं समजू नका, तिथंही कुणाचंतरी गाव रिकामं झालंय.

एवढं सगळं सांगूनही परवा दादाचा फोन. परत द्राक्ष लावू म्हणतो, या खेपेला वर प्लास्टिकचं आच्छादन टाकून, कुणाची तरी बाग बघून आलाय. मी म्हटलं कर्ज केवढं होईल, त्यापेक्षा मोसंबी बघ. तो म्हणाला, मोसंबीला काय गारा चुकवून पडतात? मी म्हटलं मग ऊस राहू दे. तर म्हणाला, "लोकांपुढं बोलताना उसाला नावं ठेवतेस, अन् मला ऊस राहू दे म्हणतेस?" आच्छादनाचं कोटेशन पाठव म्हटलंय त्याला.