लोणंद ते फलटण, गळ्यात माळ नसताना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभूने आपल्यासाठी काय केले हे उभे राहून सांगण्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. साताऱ्यातील औषधांच्या दुकानांत पंचवीस वर्षे काम केल्यावर मला वाटते की, उपासनेत दिलेल्या साक्षीपेक्षा काउंटरमागची साक्ष फार अवघड असते. पूर्वीच्या एका दुकानात मुदत संपलेल्या बाटल्या खपवल्या जात असताना मी आठ दिवस गप्प राहिलो. नवव्या दिवशी बोललो आणि नोकरी गेली. तरी ते आठ दिवस अजून मला टोचतात.

शेजारच्या माळकरी काकांनी यंदा विचारले, “आमच्या दिंडीत लोणंद ते फलटण मलमपट्टीला याल का?” मी लगेच होकार दिला. मंडळीतील एका वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही, आणि त्यांची शंका मला क्षुल्लक वाटली नाही. मात्र १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानत, आणि १९१७ मध्ये त्यांनी याच साताऱ्यात सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या भक्तसंघात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती, हे मी त्यांना सांगितले. मी मनाशी एवढेच ठरवले होते की, वाटेत कोणाला उपदेश करायचा नाही आणि विचारले तर आपला विश्वास लपवायचाही नाही.

चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले. दुतर्फा उभ्या असलेल्या वारकऱ्यांमधून माउलींचा अश्व धावत गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी माणसे वाकली. मी वाकलो नाही, हात जोडून उभा राहिलो. जे माझ्या मनात नाही ते केवळ शोभेसाठी करणे हा त्या मातीचाच अपमान झाला असता. काकांनी पाहिले, काही बोलले नाहीत, आणि त्यांनी माझी पडशी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

तरडगावच्या मुक्कामी हरिपाठ चालू असताना माझ्यापुढे पायांची रांग लागली. परभणीकडच्या एका आजींच्या टाचेचा फोड फुटून त्यात वाळू गेली होती. मीठपाण्याने जखम धुऊन पट्टी बांधेपर्यंत त्या माझ्या गळ्याकडे पाहत होत्या.

“माउली, माळ न्हाई घातली?”

“आजी, मी ख्रिस्ती आहे. येशूला मानतो.”

मला वाटले, त्या पाय मागे घेतील. त्यांनी दुसरा पाय पुढे केला.

“मग तुमी देवाला काय म्हणून हाका मारता?”

“बाप म्हणतो, आजी. प्रभूने आम्हाला तसेच शिकवले आहे.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “आमी आई म्हणतो,” म्हणाल्या. “तुमचा बाप रागीट हाय का?”

प्रभूने सांगितलेली, घर सोडून गेलेल्या मुलाला दुरून पाहताच धावत सुटणाऱ्या बापाची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी विचारले होते, म्हणूनच सांगितली. ऐकताना त्यांनी पदराने डोळे टिपले. त्यांचाही एक मुलगा पुण्याला गेला तो परतला नव्हता, हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी फलटणला पोहोचेपर्यंत माझ्याच पायांना फोड आले होते. तळावर कोणीतरी हाक मारली. आजी लंगडत येत होत्या, आणि सोबतच्या बायकांना सांगत होत्या, “ह्ये बगा, आपले ख्रिस्ती माउली. बसवा त्यांना, आता त्यांचं पाय बगा.”