दोन वूफर, चार कॉइल आणि माझं चुकलेलं गणित

गाडीच्या डिकीत बसवायला वूफर (बासचा जाड आवाज काढणारे मोठे स्पीकर) दोन, म्हणजे चार वायरी, असं मी धरून चाललो होतो. डबे उघडले तर एकेका वूफरला चार टोकं, दोन लाल आणि दोन काळी.

वूफर 12 इंची, जुने घेतलेले, प्रत्येकात 4 ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन कॉइल, म्हणजे स्पीकरचा कागद हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या. ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा डबा, मित्राने गाडी विकताना काढून दिलेला, एका चॅनेलचा. त्याच्या पाठीवर छापलं होतं: 4 ओहमला 300 वॅट, 2 ओहमला 500 वॅट. त्याच्या खाली काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’चा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले.

कुणीतरी सांगितलं होतं, ओहम जितके कमी तितका दणका जास्त. मग काय, सगळ्या लाल एकत्र, सगळ्या काळ्या एकत्र. गाणं सुरू झालं, छान वाटलं. आवाज चढवला आणि ॲम्पचा हिरवा दिवा जाऊन लाल लागला, सगळं गप्प. बंद करून चालू केलं की पुन्हा तेच. मी फ्यूज बदलला, बॅटरीची टोकं घासली, अर्थची वायर पत्र्याला कसली होती तिथला रंग खरवडला (ते तसंही आधीच करायला हवं होतं). लाल दिवा काही हटेना.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेला माणूस.

“मीटर लावलास का रे?”

नव्हता लावला. ॲम्पमधून वूफरच्या वायरी सोडवून त्या टोकांना मीटर लावला तर 1.2 ओहम. काकांनी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या, 0.3. “हे मीटरच्या वायरींचंच आहे, वजा कर.” उरले 0.9. मीटरवर कॉइल छापील आकड्यापेक्षा थोडी कमीच दिसते, म्हणजे हिशेब 1 ओहमचा. “ॲम्प दोनपर्यंतचा. तू त्याच्याकडे दुप्पट करंट मागतोयस. तो स्वतःला वाचवतोय, आणि तू त्याला शिव्या देतोयस.”

एकसर जोडणीत बेरीज आणि समांतर जोडणीत उलट्यांची बेरीज, हे शाळेत पाठ केलं होतं, पण ते कधी डिकीत उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. लाइटबिलाच्या मागे मांडून बघितलं. चारही एकसर, 16. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल एकसर करून 8, मग दोन्ही वूफर समांतर, 4. उलट केलं, आधी समांतर मग एकसर, तरी 4च. चारही कॉइलना सारखा वाटा द्यायचा तर 2 ओहम कुठूनच येईना. त्यासाठी 2 ओहमच्या दोन कॉइलवाले वूफर घ्यायला हवे होते. ॲम्पची पाठ आधी वाचून मग वूफर घ्यायचे, मी उलटं केलं होतं.

200 वॅट गेल्याची चुटपुट लागली. काका म्हणाले, वॅट दुप्पट केले तरी 3च डेसिबल वाढतात. 300 आणि 500मधला फरक सव्वादोनच्या आसपास. कानाला जेमतेम कळेल.

मग 4 ओहमची जोडणी केली. मीटरवर 3.6, म्हणजे चोख. लाल दिवाही लागेना. पण बास? अर्धाच! मला वाटलं, गेलेले 200 वॅट ते हेच. काकांना पटेना. त्यांनी 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली आणि एकेका वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवली. पहिल्याचा कागद (वूफरचा पुढचा शंकू) टक्कन बाहेर आला. दुसऱ्याचा जागचा हलेना.

एकसर करताना पहिल्या कॉइलची काळी दुसरीच्या लालला जोडायची असते. दुसऱ्या वूफरमध्ये मी काळीला काळी जोडली होती. एक कॉइल कागद बाहेर ढकलत होती, दुसरी तेवढ्याच जोराने आत ओढत होती. मीटरला यातलं काहीच कळत नाही, त्याला दोन्हीकडून 7.2च दिसतात. असंच दणकवत राहिलो असतो तर कॉइल न हलता नुसती तापत बसली असती.

त्या दुसऱ्या कॉइलच्या लाल-काळीची अदलाबदल केली, पुन्हा बॅटरी टेकवली, दोन्ही कागद बाहेर आले. गाणं लावलं आणि मागची नंबर प्लेट खडखडायला लागली. तिच्यामागे आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलाय.