दिसत नाही म्हणून काय झालं

शुक्रवार, रात्री

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात शहाळी ठेवायला जागा नव्हती. केमोत केस गेले तेव्हाही बघणाऱ्याला कळत होतं. आता रेडिएशन सुरू आहे, आणि बाहेरनं काहीच दिसत नाही त्यामुळं सगळ्यांच्या लेखी मी बरी झालेय. काल जाऊबाई म्हणाल्या, "दहा मिनिटांचं तर काम, जाऊन आलं की झालं न्हवं?"

दहा मिनिटांचंच आहे, खोटं कशाला बोलू. पण गार टेबलावर हात डोक्यावर धरून पडायचं, आणि काख आखडलीय नेमका तोच हात. अंगावरच्या मार्करच्या रेघा लेझरला जुळवतात, मग सगळे बाहेर, जाड दार बंद, आणि माईकवरनं पोरगी सांगते, "काकू, श्वास घ्या... धरून ठेवा." माझी डावी बाजू, छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतनं जरा लांब सरकतं म्हणून हे. मशीन घूं करत फिरतं. दुखत काही नाही, हेच तर लोकांना पुरतं.

माझा प्रकार मेटाप्लास्टिक. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शंभरात एकसुद्धा नाही एवढा कमी, जागतिक आरोग्य संघटनेनं वेगळा प्रकार म्हणून धरला तो 2000 च्या आसपास. वेटिंगमध्ये गडहिंग्लजच्या एक मावशी असतात, महात्मा फुले योजनेत बसल्यात, त्यांचं "डक्टल का काय म्हणत्यात", म्हणजे नेहमी आढळणारा प्रकार, आणि बाकीच्या बऱ्याच जणींचं तेच, मग त्या आपापसात गोळ्यांचं बोलतात. गाठीच्या तपासणीत हार्मोनला प्रतिसाद देणारे ईआर आणि पीआर, आणि हर-टू नावाचं प्रथिन बघतात, माझे तिन्ही निगेटिव्ह, या प्रकारात बहुतेकींचं तसंच असतं, म्हणजे हार्मोनची गोळी मला लागूच नाही. गाठ काढली मग परत हे कशाला, असं विचारतात. अहो, दिसत होती ती काढली, एखादी न दिसणारी पेशी मागं राहिली असेल तर तिच्यासाठी हे. पूर्वी 50 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) 25 वेळात द्यायचे, आता बऱ्याच जणींना 40 ग्रे 15 वेळात देतात, तेवढं तरी बरं.

काखेखालची चामडी काळपट पडलीय, चुरचुरते. नवऱ्याचं धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियन घालते. सासूबाई हळद-लोणी घेऊन मागं लागल्यात, पण डॉक्टरांनी दिलेल्या मलमाशिवाय काही लावायचं नाही हे मी ठणकावून सांगितलं. शेजारीण नातवाला आत पाठवत नाही, किरणं बाधतील म्हणून! मशीन बंद झालं की संपलं, अंगात काही राहत नाही, सांगितलं तरी डबा दारातनंच दिला. पांढरा रस्सा होता, म्हणून राग धरला नाही.

पण खरी गोष्ट थकव्याची. हे दमणं न्हवं, दमलं की झोपून उठल्यावर बरं वाटतं. आज दूध गॅसवर ठेवलं आणि ओट्यापाशी उभंच राहवेना म्हणून खाली फरशीवर बसले. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवरनं ओघळ माझ्या पायापर्यंत आला तरी हात वर करून बटण फिरवणं जमेना. सासूबाई धावत आल्या, बघितलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता फडकं घेतलं.

उद्या-परवा मशीनला सुट्टी. जाऊबाई येणार आहेत पोरांना घेऊन. फोन करून सांगितलंय, भाकऱ्या घरनं थापून आणा, माझ्याच्यानं होणार नाहीत.